छबू तरटे, मैल चौथा

"अकरावं नाव सांगा," मी म्हणालो, "नाहीतर उद्यापासून सगळ्यांना वाकीला जावं लागेल."

दहाच्या दहा बायका माळावर उकिडव्या बसून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. एप्रिल त्र्याहत्तरची गोष्ट. सकाळचे आठसुद्धा वाजले नव्हते आणि मांडीवरचा मस्टरचा पुठ्ठा तापला होता. दुष्काळी कामावर मी हजेरी घ्यायचो. मस्टर घेतो म्हणून या बायकांनी मला मास्तर करून टाकलं होतं. वय माझं बावीस, आणि मला मास्तर म्हणणाऱ्यांत पन्नाशीच्या बायका.

"वाकीला गेल्यावर म्हातारी माणसं कुणी बघायची?" ठकू म्हणाली. टोळीत बोलायचं काम तिच्याकडे असायचं. "गडीमाणसं जनावरं घिऊन छावणीला गेलीत. घरात एकेक सासू न्हाय तर सासरा. आन् ही सोनी, सातवा लागलाय तिला. दहा मैल चालवता का मास्तर तिला?"

"नियम मी केला नाही, ठकूबाई. खडीच्या टोळीत अकरा माणसं पाहिजेत. कमी पडली की टोळी मोडायची आणि वाकीच्या कॅम्पात टाकायची. तुमची रखमा नवऱ्यामागं निघून गेली, त्याला मी काय करू?"

"मग आता?"

"मग आता एक नाव सांगा. मी लिहितो. पुढचं बघून घेऊ."

हे मी म्हणालो. त्यांच्यातलं कुणी म्हणालं नाही. पन्नास वर्षं झाली, मी ते कुणावर ढकललेलं नाही.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. नाव सुचेना. जित्या माणसाचं द्यावं तर ते दुसऱ्या कामावर सापडायचं. शेवटी मागून कोंडा म्हणाली, "छबू."

कोंडा कधी बोलायची नाही. चाळिशीची, वाळकी, कपाळ कोरं. नवरा तीन वर्षांपूर्वी विहिरीच्या कामावर दगावलेला. तिचा आवाज ऐकून ठकूनंसुद्धा मान वळवली.

"छबू तरटे," मी लिहिलं. वस्तीच तरट्यांची, आडनाव विचारायचं कारण नव्हतं. "वय?"

"अठरा लावा," कोंडा म्हणाली. हे मात्र तिनं पटकन सांगितलं.

हा रस्ता शेलगाव फाट्यावरून निघतो आणि वाकीला नदीवर संपतो. चौदा मैल, म्हणजे आताचे बावीस किलोमीटर. आता तो राज्य महामार्ग झालाय. मागच्या साली पुतण्यानं मोटारीतून नेलं, पंचवीस मिनिटांत वाकी. पूर्वी ती नुसती गाडीवाट होती. वाकीची माणसं शेलगावच्या बाजाराला पहाटे निघायची आणि नदीला पाणी आलं की चार महिने नदीपलीकडंच अडकायची. बांधकाम खात्याच्या पुस्तकात या रस्त्याचा सगळा इतिहास एका ओळीत आटोपलाय: दुष्काळी काम, १९७२-७३. लिहिणाऱ्याच्या बापाचं काय जातंय. शेलगावपासून तीन मैल मुरमाड माळ, मग चौथ्या मैलात उजव्या हाताला तरटेवस्ती, मग पार नदीपर्यंत काळं रान. त्या चौथ्या मैलाची खडी या दहा बायकांनी फोडली. त्याची ओळ कुठं नाही.

काम असं असायचं. खाणीतून आलेले धोंडे रस्त्याच्या कडेला टाकलेले. प्रत्येकीनं आपल्यापुढचे धोंडे हातोडीनं फोडायचे आणि ढीग घालायचा. खडीचा तुकडा दोन इंचाच्या लोखंडी कडीतून गेला पाहिजे. संध्याकाळी मी लाकडी खोक्यानं ढीग मोजायचो. आता मस्टरवर अकरा नावं म्हटल्यावर ढीगही अकरा पाहिजेत. म्हणून बायका जाताजाता आपल्यातली चार-चार पाट्या खडी अकराव्या जागी ओतायच्या. हजेरीला मी "छबू तरटे" म्हणालो की पाळीपाळीनं एकजण "हाय" म्हणायची. ठकू तर आवाज बारीक करून, पदर तोंडावर धरून म्हणायची आणि सगळ्या हसायच्या. त्या वर्षात हसायला दुसरं होतं काय.

दुपारी सुकडी यायची. भाजलेल्या धान्याचं गोडसर पीठ, माणशी एक वाटा. अकरावा वाटा पहिल्या दिवशी ठकूनं सोनीच्या पुढ्यात ठेवला. कोंडा उठली, वाटा उचलला आणि पळसाच्या पानावर घालून अकराव्या ढिगाशी नेऊन ठेवला.

"मुंग्यांना घालतीस व्हय?" ठकू म्हणाली. "ती सोनी दोन जिवाची बसलीय हितं."

"सोनीला माझ्यातलं दील मी," कोंडा म्हणाली. "ज्याचं त्याला."

आणि खरंच तिनं आपल्यातलं अर्धं सोनीला दिलं. मला तिचा राग आला. माणसं पाला उकडून खात होती आणि ही बाई अन्न धोंड्यांपुढं मांडत होती. संध्याकाळी पान रिकामं दिसायचं. कुत्रं असेल, कावळे असतील, असं आम्ही म्हणायचो. त्या माळावर कुत्रं उरलं नव्हतं आणि कावळे तर महिन्यापूर्वीच गेले होते, हे सगळ्यांना माहीत होतं.

आठवडा गेला असेल. भर दुपारची वेळ. बायका बाभळीखाली पडल्या होत्या, मी जरा बाजूला मस्टर उशाला घेऊन. डोळा लागत होता आणि कानावर हातोडी पडत होती. टिक. टिक. मग थोडं थांबून पुन्हा टिक. खडीवर दिवस काढले की हातोडीवरून बाई ओळखू येते. ठकूचा घाव ठणकन एकच, सोनीचे दोन-दोन दमून घातलेले. हा घाव कुणाचाच नव्हता. हलका होता, हातोडी पेलत नसल्यासारखा.

कुणाला सुकडी पचली नाही म्हणून भर उन्हात फोडत बसलीय का काय, असं म्हणत मी डोळे उघडले. बाभळीखाली मोजल्या. दहा. सगळ्या जाग्या होत्या. सगळ्या ढिगांकडं बघत होत्या आणि ढिगांशी कुणी नव्हतं. उन्हानं रस्ता पांढरा पडला होता, डोळे ठरत नव्हते. टिक. टिक.

"खाणीतला आवाज असंल," ठकू म्हणाली. खाण दीड मैलावर होती.

त्या संध्याकाळी बायका पाट्या घेऊन अकराव्या जागी गेल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. ढीग घातलेला होता. मी खोका लावला. निम्म्याहून जास्त भरला.

"आज कुणी फोडली ग छबूची खडी?" ठकूनं विचारलं. मी एक मूठ उचलून बघितली. खडी फार बारीक होती, चिंचोक्याएवढी. दोन इंचाच्या कडीची गरजच नव्हती. मोठा धोंडा फुटत नाही म्हणून कुणी आधीच्या फुटलेल्या कपच्याच पुन्हा पुन्हा फोडत बसावं, तशी.

दुसऱ्या दिवशी हजेरीला मी नावं घेत गेलो. ठकू, हाय. गोदा, हाय. सोनी, हाय. कोंडा, हाय. छबू तरटे.

"हाय."

मी बरोबरची खूण केली आणि वर बघितलं. बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघत होत्या.

"आज पाळी कुणाची होती?" मी विचारलं.

"माझी," गोदा म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "म्या अजून बोललेच न्हाय, मास्तर."

त्या दिवसापासून चेष्टा बंद झाली. बायकांनी आपापले धोंडे ओढून लांब नेले. अकराव्या ढिगाच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस हात जागा मोकळी पडली. एकटी कोंडा उलटी सरकत सरकत त्याच्या जवळ गेली आणि शेवटी त्याला पाठ लावून बसायला लागली. तिला भीती कशी वाटत नाही, हेच मला कळेना. उलट ती बाई त्या दिवसांत सुधारली होती. केस विंचरून यायची. एकदा मी जवळून गेलो तर पुटपुटत होती. मला वाटलं, उपासानं डोकं फिरलं. हो, भ्यालो होतो मी. नोकरीच सोडून पळावंसं वाटायचं. पण मी गेलो तर दुसरा हजेरीवाला येणार, तो दहा मोजणार, आणि सोनी वाकीला जाणार. म्हणून राहिलो. फार शूर होतो अशातला भाग नाही.

महिना होत आला असेल, मग तपासणी आली. बोगस नावांची बोंब झाली होती, म्हणून वरून एक साहेब गावोगाव फिरत होते. नाव खोटं निघालं तर टोळी बंद, आणि वाकीलाही घ्यायचं नाही, असा हुकूम. म्हणजे दहा घरांच्या चुली कायमच्या बंद. आदल्या संध्याकाळी मी आणि ठकूनं मिळून बेत केला. साहेब प्रत्येकीचा अंगठा घेणार. कोंडानं आपला अंगठा देऊन मागं सरकायचं, डोक्यावरून गोदाचं हिरवं लुगडं ओढायचं आणि शेवटी पुन्हा पुढं यायचं, डाव्या हाताचा अंगठा द्यायचा.

"जमंल का ग?" ठकूनं विचारलं. कोंडानं मान हलवली. हो म्हणाली का नाही, ते तेव्हाही कळलं नाही.

जीप अकराच्या सुमाराला आली. साहेब उतारवयाचे, घामानं बेजार झालेले, पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी मस्टर जीपच्या पुढच्या भागावर ठेवलं, नावं स्वतः वाचायला लागले. वारा सुटला होता म्हणून मी दोन्ही हातांनी पानं दाबून धरली. शिपाई शाईची डबी घेऊन उभा. एकेक बाई यायची, शिपाई तिचा अंगठा धरून उमटवायचा. ठकू, गोदा, सोनी. कोंडाचं नाव दहावं. तिनं अंगठा दिला. पण लुगडं बदलायला गेलीच नाही. सरळ आपल्या ढिगाशी जाऊन बसली.

"छबू तरटे," साहेब म्हणाले.

मी मान वर केली नाही. पानावर दाबलेल्या माझ्या बोटांकडे बघत राहिलो आणि आता साहेब काय म्हणतात याची वाट बघत राहिलो. मला शिपायाची सावली कागदावर दिसली. तो वाकला. बाकीच्यांच्या वेळी तो उभाच होता, आता कमरेत वाकला. मग सरळ झाला आणि डबीचं झाकण लावलं.

"अकरा. बरोबर आहे," साहेब म्हणाले आणि सही केली. मग रुमालानं मान पुसत मला म्हणाले, "ती शेवटची अठराची वाटत नाही हो. काय करणार, खायला नाही, पोरी अंगच धरत नाहीत. हलकं काम देत जा तिला."

जीप गेली. धुरळा खाली बसल्यावर मी मस्टर बघितलं. दहा अंगठे राकट, चिरा पडलेले, रेघा झिजलेल्या. अकराव्या नावापुढं एक ठसा होता. स्वच्छ, एकेक रेघ उमटलेली, आणि माझ्या करंगळीच्या नखाएवढा.

मस्टर घेऊन मी बायकांकडे गेलो. पान पुढं केलं. ठकूनं बघितलं आणि मागं सरली. सोनीनं पोटावर हात ठेवले. मग कोंडा उठून आली. तिनं तो ठसा बघितला आणि बोट पुढं केलं. हात लावायचा तिला धीर होईना.

"हे एवढंच?" ती म्हणाली.

"कोण आहे ही, कोंडाबाई?" मी विचारलं. "छबू कोण?"

ठकूच खालच्या आवाजात म्हणाली, "हिची पोर व्हती. लई वर्सं झाली. नाव मलाबी आठवलं न्हवतं ग, कोंडा."

"देवी आल्या तवा गेली," कोंडा म्हणाली. "सा वर्साची व्हती. बारा वर्सं झाली. मास्तर, तुम्ही नाव इचारलं तवा माझ्या तोंडात तेवढंच आलं. रोज मनात मोजते मी. औंदा अठराची असती, म्हून अठरा सांगितलं." ती ठशाकडं बघत होती. "आवाज आला तवा मला ग्वाड वाटलं. म्हटलं, आली. माझ्यासंगट कामाला आली. म्हटलं, तिकडं वाढली असंल, चांगली हाताला आली असंल. मागं वळून बघितलं न्हाय, बघितलं तर जाईल म्हून."

मग तिचा चेहरा बदलला. तसा चेहरा मी त्यानंतर फक्त एकदा बघितला, माझा थोरला भाऊ गेला तेव्हा आईचा.

"ती वाढलीच न्हाय, मास्तर. अजून सा वर्साचीच हाय. आन् म्या तिला खडी फोडायला बसवलं. ह्या उन्हात. महिनाभर."

तिकडं ढिगाशी आवाज सुरू झाला. टिक. टिक. आता आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं की ती हातोडी का पेलत नाही.

"नाव काढा तिचं," कोंडा म्हणाली. "आत्ताच्या आत्ता काढा."

"नाव काढलं की टोळी मोडली," मी म्हणालो. आवाज चढलाच माझा. "दहा झालात तुम्ही. आजच साहेबांनी सही केलीय, आता दुसरं नाव घुसवता यायचं नाही. उद्या सगळ्यांना वाकीला पाठवावं लागेल, कोंडाबाई. सोनीला चालवणार आहेस का तू?"

कोंडा सोनीच्या पुढं जाऊन उभी राहिली. हात जोडणार होती बहुतेक. सोनी विशीची पोर, पहिलटकरीण, भ्यालेली. तिनं ढिगाकडं बघितलं, मग कोंडाकडं. आणि आपली पाटी उचलून डोक्यावर घेतली.

"सांजचं निघालं तर ऊन लागायचं न्हाय," ती म्हणाली. "मधी झोपायचं कुठंतरी."

ठकूनं तोंडातल्या तोंडात मला की देवाला एक कचकचीत शिवी घातली आणि घरची म्हातारी माणसं कुणाच्या भरवशावर सोडायची याचा हिशेब गोदाशी बोलायला लागली. गोदा मागं राहणार आणि दहाही घरच्या म्हाताऱ्यांना बघणार, असं ठरलं. म्हणजे वाकीला नऊ. मला कुणी विचारलं नाही.

मी लाल शाईनं नावावर रेघ मारली. पुढं शेरा लिहावा लागतो. नाव का कमी केलं, ते. मयत लिहायला गेलो आणि थांबलो. साहेबांनी सकाळी तिला डोळ्यांनी बघितलं होतं, सही केली होती.

"काय लिहू?" मी कोंडाला विचारलं.

"घरी गेली, असं लिवा."

मी तसं लिहिलं. आवाज चालूच होता.

"तुमचंच ऐकंल ती," कोंडा म्हणाली. "हाक तुम्हीच मारताय रोज. सांगा तिला."

त्या रिकाम्या, पांढऱ्या रस्त्याकडं तोंड करून मी उभा राहिलो. रोज संध्याकाळी 'सुट्टी झाली' म्हणून ओरडायचो तसं ओरडायला गेलो, पण लहान मुलीशी कुणी ओरडून बोलतं का. मी हळूच म्हणालो, "छबू, सुट्टी झाली बाळा. जा आता घरी."

हातोडी थांबली. बराच वेळ आम्ही कान देऊन उभे राहिलो. कोंडा पदराचा बोळा तोंडात धरून रडत होती आणि ठकूनं तिला दंडाला धरलं होतं.

मी त्यांच्याबरोबर वाकीपर्यंत गेलो. मस्टर तिकडच्या हजेरीवाल्याच्या हाती द्यायचं होतं. सोनीला मधे एक बैलगाडी मिळाली, देवाची कृपा म्हणायची. दोन दिवसांनी आम्ही पोचलो तेव्हा नदीच्या दरडीत सुरुंग लावायचं काम चालू होतं आणि पाचशे माणसांचा कॅम्प पडला होता. तिकडचा हजेरीवाला घाईत होता. नावं लिहून घेता घेता प्रत्येकीला एकच प्रश्न विचारत होता, कारण आदल्या आठवड्यात सुरुंगाच्या धोंड्यानं एक मूल जखमी झालं होतं.

"पोरं किती? इथं कामावर आणायची नाहीत, आधीच सांगतो."

"एक पोरगी हाय," कोंडा म्हणाली. "घरी ठिवलीय."

"बरं केलंत," तो म्हणाला आणि त्यानं पुढचं नाव विचारलं.